‘स्ट्रेंजर थिंग्ज’ हॉलमधल्या टीव्हीवर लावावी का?

पत्र थोडक्यात: ठाण्याच्या एका वाचक आईने विचारलं आहे. घरात सासू-सासरे, नवरा, नववीतली १४ वर्षांची मुलगी आणि चौथीतला ९ वर्षांचा मुलगा. टीव्ही एकच, तोही हॉलमध्ये. मुलीच्या वर्गात सगळ्यांची ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही नेटफ्लिक्सवरची मालिका बघून झाली आहे आणि तिला ती घरच्यांसोबत बघायची आहे. तिचं म्हणणं, “हिरो मुलंच आहेत, सायन्स फिक्शन आहे, मग प्रॉब्लेम काय?” धाकट्याने दाराआडून दहा-पंधरा मिनिटं बघितली आणि तेव्हापासून पॅसेजमधली ट्यूबलाइट फडफडली की तो बाथरूमला एकटा जात नाही. नवरा म्हणतो, बघून बघून भीती मोडते. सासूबाई म्हणतात, तिन्हीसांजेला असलं अभद्र घरात नको. आईचा प्रश्न: ही मालिका सगळ्यांनी मिळून बघण्यासारखी आहे, की सरळ बंदी घालू?

ताई,

आधी उत्तर, मग कारणं. मुलीने बघावी, पण एकेक सीझन करत आणि मोठं कुणी शेजारी बसलेलं असताना. मुलाने इतक्यात नको. सासू-सासऱ्यांना पहिला सीझन कदाचित आवडेलसुद्धा, चौथा मात्र त्यांच्यासमोर लावू नका. एका मालिकेची एकाच घरात तीन उत्तरं निघतात. (पुढे कथेतल्या बऱ्याच गोष्टी फुटणार आहेत. तुम्हाला कोरी बघायची असेल तर पहिला सीझन संपवून मग पुढे वाचा.)

तुमच्या पत्रात ‘ही मालिका’ असे शब्द आहेत, गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिला सीझन १५ जुलै २०१६ला आला आणि शेवटचा एपिसोड ३१ डिसेंबर २०२५ला. मुख्य कथा १९८३ ते १९८७ अशी जेमतेम चार वर्षांची. पण तिच्यात काम करणारी मुलं सुरुवातीला शाळकरी होती, शेवटी विशीत पोचली, आणि भीतीची मात्राही त्यांच्या वयाबरोबर वाढत गेली. २०१६मध्ये दहा वर्षांच्या मुलाने पहिला सीझन बघितला असेल, तर चौथा येईपर्यंत तो सोळाचा झाला होता. तिसऱ्या आणि चौथ्यामध्ये त्याला जवळजवळ तीन वर्षं मिळाली. तुमच्या मुलांना ती मिळणार नाहीत, कारण त्यांच्यासाठी पुढचा एपिसोड काही सेकंदांत आपोआप सुरू होतो. दिवाळीच्या सुट्टीत बसलं तर पहिल्या सीझनमधल्या सायकलींपासून चौथ्यातल्या मोडलेल्या हाडांपर्यंतचा प्रवास आठवडाभरात उरकतो. या मालिकेत लहान मुलांचं बिनसतं ते बहुतेक वेळा इथे.

भारतात मालिकेवर ‘यू/ए १६+’ असा शिक्का आहे. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटीसाठी पाच वर्ग ठरवले: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. यू/ए १६+ म्हणजे सोळाच्या आतल्यांना बंदी, असं अनेक पालक धरून चालतात. तसं नाही. सोळाच्या आतल्यांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघावं, असा त्याचा अर्थ. शिवाय हा शिक्का सेन्सॉर बोर्ड मारत नाही, प्लॅटफॉर्म स्वतःच ठरवतो. अमेरिकेत हीच मालिका ‘टीव्ही-१४’ आहे. थोडक्यात, तुमची मुलगी तिकडच्या नियमात एकटी बसते, इकडच्या नियमात तुमच्याशेजारी बसते.

आता मुलीच्या दोन मुद्द्यांकडे येऊ. ‘सायन्स फिक्शन आहे’ म्हटलं की आपल्याकडे आईवडील निम्मे विरघळतात. विज्ञान म्हणजे अभ्यासाला पूरक, असं आपलं गणित. या मालिकेचा अंगरखा विज्ञानकथेचा आहे, आतला जीव भयकथेचा. सरकारी प्रयोगशाळा, दुसरी मिती, मुलांवरचे प्रयोग हा झाला अंगरखा. (सीआयएने १९५३पासून वीसेक वर्षं माणसांच्या मनावर ताबा मिळवण्याचे ‘एमके-अल्ट्रा’ नावाचे प्रयोग खरोखर केले होते, मालिकेतली प्रयोगशाळा त्याच धाग्यावर उभी आहे.) पण एपिसोड ज्यावर पुढे सरकतो ते आहे अंधारात उभं असलेलं काहीतरी. मुलीला चकवायचं नसेल तर हे तिच्याशी मोकळेपणाने बोला: “ही हॉरर आहे, आणि चांगली हॉरर आहे. म्हणूनच कोण बघणार ते ठरवायचं आहे.”

‘हिरो मुलंच आहेत’ हा मुद्दा तर उलटा लागू पडतो. आठ-नऊ वर्षांपर्यंत मुलं जे भयानक दिसतं त्याला घाबरतात: दात, नखं, विद्रूप चेहरा. त्यानंतर हळूहळू जे आपल्या बाबतीत घडू शकेल त्याची भीती मोठी होत जाते. तुमचा मुलगा नेमका या दोन पायऱ्यांच्या मध्ये उभा आहे, त्यामुळे त्याला दोन्हीकडून लागतं. पहिल्या एपिसोडमध्ये विल नावाचा मुलगा त्याच्या मित्राच्या, माईकच्या, घरून रात्री सायकलने एकटा घरी येतो, घरात कुणी नसतं, आणि तो नाहीसा होतो. त्यात राक्षस क्षणभरच दिसतो. पण ‘घरी आलो आणि आई नव्हती’ हे नऊ वर्षांच्या मुलाला राक्षसापेक्षा जास्त कळतं. पाचव्या सीझनमध्ये तर वेक्ना या खलनायकाचं लक्ष्यच लहान मुलं आहेत, माईकची धाकटी बहीण हॉली त्यांच्यातलीच. ती जवळपास तुमच्या मुलाच्याच वयाची.

ट्यूबलाइटचं म्हणाल तर त्यात मुलाचं काही चुकलेलं नाही. या मालिकेत दिवे लुकलुकले की तो प्राणी जवळ आला, असा नियमच आहे. दहा मिनिटांत त्याने व्याकरण बरोबर उचललं आणि घरच्या पॅसेजला लावलं. तसंच नाकाचं. इलेव्हनने, म्हणजे प्रयोगशाळेतून पळालेल्या मुलीने, मनाची शक्ती वापरली की तिच्या नाकातून रक्त येतं. उन्हाळ्यात तुमच्या मुलाचा घोळणा फुटत असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा की त्याचा याच्याशी काही संबंध नाही. घरात कुणाला फेफरं येत असेल तर मात्र या लुकलुकणाऱ्या दिव्यांबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिका लावू नका.

आपल्या हॉलमधली एक गंमत सांगायलाच हवी. चुंबन आलं की रिमोट शोधायला चार हात एकदम सोफ्यावर पडतात. माणसाची मान मोडली तर कुणी हलत नाही. तुमच्या पत्रातही ‘सासऱ्यांसमोर तसलं काही आलं तर’ ही काळजी दोनदा आली आहे. त्या बाबतीत मालिका बरीच सौम्य आहे: पहिल्या सीझनच्या दुसऱ्या एपिसोडमध्ये माईकची थोरली बहीण नॅन्सी आणि तिचा मित्र स्टीव्ह यांचा प्रसंग सूचक आहे, तिसऱ्या सीझनमध्ये किशोरवयीन चुंबनं आहेत, नग्नता नाही. शिव्या भरपूर आहेत, आणि त्या मुलांच्याच तोंडी आहेत. रिमोट तयार ठेवायचा तो हिंसेसाठी.

कुठे, ते सांगतो. पहिल्या सीझनमध्ये आठ एपिसोड आहेत, एकेक साधारण पाऊण ते एक तासाचा. पहिल्याच एपिसोडच्या शेवटाकडे, इलेव्हनला खाऊ घालणाऱ्या बेनी नावाच्या भल्या माणसाला गोळी घातली जाते, तीही बालकल्याण खात्यातली बाई म्हणून आलेली व्यक्ती घालते. माणूस चांगला होता आणि बाई गोड बोलत होती, म्हणून लहान मुलांना हा प्रसंग फार लागतो. तिसऱ्याच्या शेवटी खाणीतल्या पाण्यातून विलचा मृतदेह काढतात. चौथ्यात कळतं की तो नकली आहे, आत कापूस भरला आहे. म्हणून हे दोन एपिसोड एकाच दिवशी बघा. मध्ये रात्र गेली तर मूल ‘विल मेला’ हे घेऊन झोपतं. सहाव्यात दादागिरी करणारी पोरं सुरा दाखवून माईकला कड्यावरून उडी मारायला लावतात. शाळेत कुणी छळत असेल तर तुमच्या मुलीला हा प्रसंग राक्षसाहून जड जाईल, आणि बोलायची संधीही तिथेच मिळेल.

दुसऱ्या सीझनमध्ये मुलांच्या टोळीतल्या डस्टिनने लपवून पाळलेला प्राणी घरातली मांजर खातो आणि आठव्या एपिसोडमध्ये बॉबचा मृत्यू आहे. बॉब हा मालिकेतला सगळ्यात साधा, प्रेमळ मनुष्य. घरात कुणाला रडू आलं तर येऊ द्या. तिसरा सीझन बाहेरून सगळ्यात रंगीत, मॉल आणि आइस्क्रीमचा, आणि आतून किळसवाणा: उंदीर फुटतात, माणसं वितळून लगदा होतात. जेवताना लावू नका, हे अगदी शब्दशः घ्या.

चौथा सीझन वेगळ्याच जातीचा आहे. नऊ एपिसोड, मिळून तेराएक तास, शेवटचा तर जवळपास दोन तास वीस मिनिटांचा. सुरुवातच प्रयोगशाळेतल्या मुलांच्या मृतदेहांनी होते. २४ मे २०२२ला टेक्सासमधल्या युवाल्डी गावातल्या शाळेत गोळीबार झाला आणि तीनच दिवसांनी हा सीझन यायचा होता, तेव्हा नेटफ्लिक्सला अमेरिकेतल्या प्रेक्षकांसाठी आधी इशारा टाकावा लागला. पहिल्याच एपिसोडच्या शेवटी क्रिसी नावाच्या मुलीचे हातपाय हवेत एकेक करून मोडतात. ते आवाजासकट दाखवलं आहे. पण चौदा वर्षांच्या मुलीबरोबर बसायचं कारण त्याहून खोल आहे. वेक्ना निवडतो ती मुलं आतून खचलेली असतात. क्रिसीचं आईच्या बोलण्यामुळे शरीराशी आणि जेवणाशी वाकडं झालं आहे. टोळीतली मॅक्स सावत्र भावाच्या मृत्यूचं ओझं घेऊन सगळ्यांपासून तुटते. हा भाग मालिकेने फार चांगला लिहिला आहे आणि किशोरवयीन मुलींना तो थेट पोचतो. बघून झाल्यावर “मॅक्स कुणाला काही सांगत का नव्हती?” एवढंच विचारा आणि गप्प बसा. उत्तरात मुलगी मॅक्सऐवजी स्वतःबद्दल बोलू लागली तर तो एपिसोड सार्थकी लागला. काळजी वाटण्यासारखं काही कळलं तर ‘टेलि-मानस’ची सरकारी हेल्पलाइन १४४१६ आहे, ती पालकांनाही फोन करता येते.

तिने यातलं काही अजून बघितलंच नसेल, असं मात्र धरून चालू नका. वर्गातल्या सगळ्यांचं बघून झालंय म्हणजे मैत्रिणीच्या फोनवर तिचंही थोडंफार झालेलं असणार. ‘बघितलंस का?’ विचारलं तर ‘नाही’ येईल. ‘कुठपर्यंत बघितलंस?’ विचारा. ती घरच्यांसोबत बघायला मागते आहे ही तर लॉटरी समजा. या वयाची मुलं साधारणपणे दार लावून बघतात. बंदी घातलीत तर दार लागेल, एवढंच.

नवऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. भीती बघून मोडते, पण बघणाऱ्याच्या हातात ताबा असेल तर. ‘काही नाही होत, बघ’ म्हणून मांडीवर धरून बसवलं तर मूल फक्त घाबरलेलं न दाखवायला शिकतं. दोन गोष्टी खरंच उपयोगी पडतात. एक, आवाज. भयपटाची निम्मी भीती कानातून येते. डोळे मिटलेल्या मुलाला आणखी भयानक दिसतं, कारण आवाज चालूच असतो. डोळ्यांऐवजी कानांवर हात ठेवायला सांगा, किंवा तुम्हीच आवाज बंद करा. मूकपटातला राक्षस बराचसा हास्यास्पद असतो. साउंडबार असेल तर त्याचा ‘नाइट मोड’ लावा, दचकवणारे आवाज दबतात. दोन, पडद्यामागचं. पहिल्या सीझनमधला राक्षस, डेमोगॉर्गन, बऱ्याच ठिकाणी पोशाख घातलेला माणूस आहे, आणि वेक्नाच्या अंगावर कलाकाराला तासन्‌तास बसवून नकली कातडी चिकटवलेली आहे. नऊ वर्षांच्या मुलाला हे दाखवलं तर फरक पडतो. पाच वर्षांच्याला पडत नाही, त्याला खोटं कळलं तरी भीती जात नाही.

सासूबाईंचं ‘तिन्हीसांजेला नको’ हे पाळाच. शेवटचा प्रसंग आणि अंथरूण यांच्यात किमान दोन तास आणि मध्ये एखादी साधी गोष्ट हवी: जेवण, पत्ते, खाली एक फेरी. शनिवार-रविवार दुपारी चारला लावा. पण मालिकेतले अंधारातले प्रसंग फार काळे आहेत, भर उन्हात पडद्यावर फक्त आपलीच तोंडं दिसतील आणि मुलं टीव्हीला नाक लावतील. पडदे ओढा, कोपऱ्यातला एक दिवा चालू ठेवा. दोन दिवस एकेक एपिसोड धरला तर पहिला सीझन चार आठवड्यांत होतो. तिसरा आणि चौथा जोडून बघायचे, म्हणून त्या आठवड्यात दोन्ही एकाच दिवशी घ्या आणि दुसरा दिवस मोकळा ठेवा.

भाषा हिंदी निवडा, निदान सासू-सासरे असताना. सबटायटल वाचायची सवय नसलेला माणूस फक्त चित्रं बघतो, आणि या मालिकेतली चित्रंच भयंकर आहेत. तिची ऊब सगळी बोलण्यात आहे, मुलांच्या चेष्टेत, पोलिसप्रमुख होपर आणि विलची आई जॉइस यांच्या भांडणात. ती गेली तर उरतात ते फक्त दात.

आता सेटिंग्ज. ही टीव्हीवरून नीट होत नाहीत, फोन किंवा कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून खात्यात जा. मुलाचं प्रोफाइल मुलांसाठीचं करा. पण खरी चूक इथे होते: मुलाच्या प्रोफाइलला बंधनं घालतात आणि आईबाबांचं उघडं ठेवतात. तो बाहेर पडून तुमच्या नावावर टिचकी मारतो. कुलूप मोठ्यांच्या प्रत्येक प्रोफाइलला लावा. चार आकडी पिन लागते, तुमचं जन्मसाल ठेवू नका, त्याला ते पाठ आहे. मुलीच्या प्रोफाइलची मर्यादा १३+ ठेवली तर तिथे ही मालिका दिसणारच नाही आणि ती तुमच्या प्रोफाइलवर, तुमच्यासोबतच बघितली जाईल. मला हा मार्ग बरा वाटतो. मग प्लेबॅक सेटिंग्जमधल्या दोन्ही खुणा काढा: पुढचा एपिसोड आपोआप सुरू होणं, आणि चित्रावर थांबलं की झलक आपोआप वाजणं. दुसरी लोक विसरतात, आणि हॉलमधून जाता जाता मुलाच्या कानावर पडतं ते तिच्यामुळेच. बदल लगेच दिसला नाही तर दुसऱ्या प्रोफाइलवर जाऊन परत या. यूट्यूबवर वेक्नाचे तुकडे मात्र तसेच पडून आहेत, त्यांना ही पिन माहीत नाही.

मुलीला विज्ञानही हवंच असेल तर आहे. पहिल्या सीझनच्या पाचव्या एपिसोडमध्ये होकायंत्रं उत्तर सोडून भलतीकडे वळतात. घरच्या होकायंत्राजवळ लोहचुंबक नेऊन बघा. सातव्यात इलेव्हनला पाण्यावर तरंगत ठेवायला मुलं १५०० पौंड, म्हणजे सुमारे ६८० किलो मीठ वापरतात. पेलाभर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे मीठ विरघळवून त्यात कच्चं अंडं सोडा, हे धाकट्यालाही करता येईल. आणि तिसऱ्या सीझनमध्ये डस्टिनची मैत्रीण भौतिकशास्त्रातला प्लँकचा स्थिरांक सांगते तो ६.६२६०७००४, म्हणजे २०१४मध्ये ठरवलेला आकडा. कथा १९८५ची. तेव्हाच्या पुस्तकांत ६.६२६१७६ होता. ही चूक मुलीला स्वतः शोधू द्या.

धाकट्याचं काय करायचं? अकरा-बारापर्यंत थांबा. नुसतं ‘तू लहान आहेस’ म्हटलंत तर तो पुन्हा दाराआड उभा राहील, म्हणून त्याच वेळी त्याला दुसरं काही द्या. त्याच प्लॅटफॉर्मवर ‘लॉस्ट इन स्पेस’ ही २०१८ ते २०२१मधली तीन सीझनची मालिका आहे. आईबाप आणि तीन मुलं अनोळखी ग्रहावर अडकतात, सोबत एक रोबो. पहिल्याच एपिसोडमध्ये थोरली मुलगी बर्फात अडकते, तेव्हा जवळ बसा. पण तिथलं कुटुंब संकटात एकत्र असतं, आणि अडचणी सुटतात त्या बऱ्याचदा डोकं लढवून. ही सगळ्यांना हॉलमध्ये चालेल.

आणि तरी तो ऐकेचना, ताईला एक न्याय आणि मला एक, असं झालं, तर ‘दोन एपिसोड बघून ठरवू’ असं अजिबात करू नका. सगळ्यात वाईट तोच पर्याय. विल आठव्या एपिसोडमध्ये सापडतो. मध्येच बंद केलं तर तुमच्या मुलापुरता तो कायमचा हरवलेलाच राहतो. बघायचा तर पहिला सीझन पूर्ण, तुमच्या आणि मुलीच्या मध्ये बसून, रिमोट त्याच्या हातात. फक्त आठव्याच्या अगदी शेवटी रिमोट मागून घ्या. नाताळ आहे, सगळे जेवायला बसतायत, विल हात धुवायला बाथरूमकडे वळतो. तिथेच बंद करा. पुढे बेसिनसमोर जे होतं ते पुढच्या सीझनसाठीचं आमिष आहे, आणि तुमच्या घरात सध्या बाथरूमचाच प्रश्न आहे.

पॅसेजमधल्या ट्यूबलाइटचा स्टार्टर मात्र या शनिवारच्या आत बदलून घ्या. तो मुलालाच आणायला पाठवा, आणि तुम्ही बटण बंद करून स्टूल धरा, तो त्याच्या हाताने फिरवून बसवू दे.